पसंतीक्रम

गोळीबार चौकात सोनकुसरेंचं सायबर कॅफे,
तिसरा कॉम्प्युटर, तासाला तीस रुपये,
पंखा मालकाकडे तोंड करून.
समोरच्या खांबावर क्लासवाल्यांचा फ्लेक्स:
माझा फोटो, माझे मार्क, आणि खाली नाव
हर्षली नंदनवार.
एक काना कमी पडला.

मेडिकललाही नऊच मार्क कमी पडतील,
असं सोनकुसरे म्हणतात.
त्यांना पाच वर्षांचे कटऑफ पाठ आहेत,
मूलबाळ नाही.
तरी एक नंबरवर मेडिकलच टाकायचं, नवसासारखं.
खरा प्रश्न दोन नंबरचा.

मामा म्हणतो, मेयो. पायी जाता येतं,
डबा घरचा, हॉस्टेल वाचतं.
बाबा काही म्हणत नाहीत.
हातमागाची सोसायटी बंद पडल्यापासून
ते एटीएमच्या दाराशी बसतात,
दिवसभर दुसऱ्यांना आत जाऊ देतात.

आई मेयोत आहे.
एकवीस वर्षं, हाडांच्या वॉर्डात.
तिला तिथं कुंदा कुणी म्हणत नाही.
मावशी, हे उचला.
मावशी, बाजूला व्हा, राऊंड आहे.
मी तो राऊंड पाहिलाय, आठवीत,
तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले तेव्हा.
ती भिंतीला लागून उभी होती,
पोछ्याची काठी शाळेतल्या झेंड्यासारखी सरळ धरून.
पांढऱ्या कोटांची रांग ओल्या फरशीवरून गेली
आणि तिनं पुन्हा दारापासून पुसायला घेतलं.

काल रात्री विचारलं, मेयो टाकू?
"टाक ना. काहून नाही टाकत?"
दोन पोळ्या झाल्यावर म्हणाली,
"माझी लाज वाटन का तुले?"
मी नाही म्हटलं.
जरा जास्तच लवकर म्हटलं.
"मले भेव वाटते," ती म्हणाली,
"तू राऊंडले येशीन,
अन् मले हासू येऊन जाईन. लोकायसमोर.
मंग?"

मग तिनं मला कॉलेजं सांगितली,
माहितीपुस्तिकेत नसतात तशी.
ती जिल्हे ओळखते रेफरच्या चिठ्ठ्यांवरून.
गोंदियाचा पेशंट घरचं पांघरूण घेऊन येतो.
चंद्रपूरचे नातेवाईक बसा म्हटलं तरी उभेच.
गडचिरोलीकडचे पहाटे पोचतात,
सोबत एकच माणूस,
त्याला लिफ्टची भीती वाटते,
म्हणून ती त्याला जिन्यानं नेते, तीन मजले,
स्वतःच्या गुडघ्यांसकट.
"तिकडंच कोणी असतं तर," ती म्हणाली
आणि तवा उतरवला.

यादीला दोन बाण आहेत, वर आणि खाली.
मेयो दोनवर. गडचिरोली दोनवर.
मेयो दोनवर.
शेजारचा मुलगा रेल्वेचा फॉर्म भरायला थांबलाय,
ताई, किती वेळ?
सोनकुसरे म्हणतात, पोरी, भावनेत येऊ नको,
फी बघ, भाडं बघ, बॉन्ड बघ.
बघतेच आहे, काका.
फी दिसते, एसटीचं तिकीट दिसतं,
आणि एक बाई दिसते, भिंतीला लागून,
तोंडाला पदर लावलेली.

पावणेपाच. पाचला फॉर्म लॉक.
ओटीपी आईच्या फोनवर,
घरात रिचार्ज फक्त तिचाच चालू असतो.
चौथी रिंग. पाचवी.
"थांब, चष्मा घालू दे.
चार. शून्य. शून्य. सात."
मागून कुणीतरी, मावशी, स्ट्रेचर!
"आली," त्याला.
"दोन," मला. "अन् शेवटचा नऊ. झालं?"
झालं.
"मंग दोनवर काय टाकलं?"

मी सांगितलं.

आधी फोनमधून रेल्वेचा भोंगा आला,
स्टेशनवरून निघणाऱ्या कुठल्याशा गाडीचा, लांबलचक.
तो संपेपर्यंत ती काही बोलली नाही.
मग हसली.
तिथंच, लोकांसमोर.